रोज फिरायला जाता, पण हात न टेकता खुर्चीतून उठता येते का?

कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर सकाळी गेले, की साठी-सत्तरी ओलांडलेले कितीतरी नाशिककर नेमाने फेऱ्या मारताना दिसतात. ही सवय चांगली आहे, ती सोडू नये. मात्र त्यांच्यापैकीच काही जण फेऱ्या संपवून बाकावर टेकतात आणि उठताना दोन्ही हातांनी गुडघे रेटतात. सपाट वाटेवर चालल्याने हृदयाला आणि फुप्फुसांना व्यायाम होतो, पण मांड्यांच्या व नितंबांच्या स्नायूंवर पुरेसा भार येत नाही. आणि बसमध्ये चढणे, शौचालयातून उठणे, ठेच लागल्यावर तोल सावरणे ही सगळी कामे याच स्नायूंची असतात. वय वाढते तसे स्नायू झिजतात, आणि मुद्दाम भार दिल्याशिवाय ही झीज मंदावत नाही.

म्हणून आधी स्वतःची मोजणी करावी. हात नसलेली, साधारण १७ इंच उंचीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी, हातांची घडी छातीवर घालावी आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहून पुन्हा बसता येते, हे घरातल्या कोणाला तरी मोजायला सांगावे. ७० ते ७४ या वयोगटात पुरुषांना १२ पेक्षा आणि स्त्रियांना १० पेक्षा कमी वेळा उठता आले, तर पडण्याचा धोका वाढला आहे असे मानतात. दुसरी चाचणी तोलाची. स्वयंपाकाच्या ओट्याजवळ उभे राहून एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या बोटांना लावावी. अशा स्थितीत आधाराविना १० सेकंद उभे राहता आले नाही, तर तोलाकडे लक्ष देण्याची वेळ आली आहे.

सोयीची गोष्ट अशी, की जी चाचणी तोच व्यायाम. जागतिक आरोग्य संघटना ६५ वर्षांवरील व्यक्तींना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सुचवते. त्याखेरीज किमान दोन दिवस स्नायूंचे आणि तीन दिवस तोलाचे व्यायाम सांगते. आपल्याकडे पहिला भाग पाळला जातो, उरलेले दोन राहून जातात. खुर्चीतून उठण्या-बसण्याची ८ ते १० आवर्तने, मध्ये थोडा विसावा घेऊन दोन-तीनदा, एक दिवसाआड करावीत. जड जात असेल तर बैठकीवर घट्ट उशी ठेवून उंची वाढवावी आणि जमू लागल्यावर ती काढावी. खाली बसताना धपकन न बसता मनात चार अंक मोजत बसावे, कारण त्या संथ उतरण्यात मांड्यांना चांगले काम पडते. ओटा धरून टाचा उचलणे आणि एका पायावर उभे राहणे हे तर कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंतही उरकते. पांडवलेणीच्या पायऱ्या चढणाऱ्यांनी उतरण्याची घाई करू नये. गुडघ्यांवरचा ताण उतरताना अधिक असतो. छातीत दुखले, दम कोंडला किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तिथेच थांबून डॉक्टरांना दाखवावे.

व्यायामाला खाण्याची जोड नसेल तर स्नायू बनणार कशातून? उतारवयात शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रथिने असावीत, असे तज्ज्ञ सांगतात. म्हणजे ६० किलो वजनाच्या व्यक्तीला ६० ते ७२ ग्रॅम. अंड्यातून सुमारे ६ ग्रॅम, पेलाभर दुधातून ६ ते ७ ग्रॅम आणि वाटीभर घट्ट वरणातूनही जवळपास तेवढीच मिळतात. सकाळी चहा-खारी आणि रात्री पातळ खिचडी, असा ज्यांचा दिवस असतो त्यांचा हिशेब यात बसत नाही. पेठ-सुरगाण्याकडची नागली, म्हणजे नाचणी, कॅल्शियमसाठी उत्तम, पण तिला प्रथिनांचे भांडार समजणे चुकीचे आहे. तिच्या भाकरीसोबत कुळीथ, मटकी, दही किंवा शेंगदाण्याची चटणी हवी. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र हे प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.

पडण्याचे खापर पायांवर फुटते, पण पुष्कळदा कारण गोळ्यांच्या डब्यात असते. काही गोळ्यांमुळे उभे राहताच रक्तदाब उतरतो आणि चक्कर येते. पाच मिनिटे आडवे पडून रक्तदाब मोजावा, मग उभे राहून एका आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजावा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर ही नोंद डॉक्टरांना दाखवावी. रक्तदाबाच्या, प्रोस्टेटच्या आणि झोपेच्या गोळ्यांनी असे घडू शकते, तरीही कोणतीही गोळी परस्पर बंद करू नये. मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्या शाकाहारी व्यक्तींनी बी-१२ तपासून घ्यावे. ते कमी पडल्यास पाय बधिर होतात आणि जमिनीचा अंदाज चुकतो.

घरात न्हाणीघरात पकडायला भिंतीतच दांडा बसवावा. टॉवेलचा रॉड माणसाचे वजन पेलत नाही. रात्री पलंगापासून शौचालयापर्यंत मंद दिवा असावा. जुन्या नाशकातल्या वाड्यांचे उंच उंबरे काढता येत नसतील, तर त्यांवर पिवळा पट्टा रंगवावा. पावसाळ्यात गोदाघाटाच्या शेवाळलेल्या पायऱ्या टाळाव्यात. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत पहाटेऐवजी ऊन पडल्यावर निघावे, कारण गारठ्यात रक्तदाब वाढतो.

एवढे करूनही पडणे होतेच, म्हणून जमिनीवरून उठण्याचा सराव कोणी सोबत असताना गादीवर करून ठेवावा. आधी कुशीवर वळावे, मग हात-गुडघ्यांवर यावे, रांगत पलंगापर्यंत जावे, त्यावर दोन्ही हात टेकून अधिक बळाचे पाऊल पुढे रोवावे आणि वळून बसावे. खरोखर पडल्यावर मात्र आधी हातपाय हलवून पाहावेत. मांडीत किंवा कमरेत तीव्र कळ असेल तर उठण्याचा प्रयत्न न करता हाक मारावी. त्यासाठी मोबाइल खिशात असावा आणि न्हाणीघराची कडी आतून लावू नये.