परदेशातल्या सायकल सहलीसाठी ठिकाण कसं निवडावं

स्टेल्व्हिओ घाटाची 48 वळणं फोटोत पाहिली की मन हरखून जातं. पण इटलीतल्या प्राटो गावापासून माथ्यापर्यंत सुमारे 24 किलोमीटरांत 1800 मीटर चढायचं आहे, हे फोटोत दिसत नाही. सामान लादलेल्या सायकलीवर सराव असलेला माणूस तासाला 300 ते 400 मीटर उंची गाठतो. म्हणजे साडेचार ते सहा तास नुसता चढ. म्हणून देश शेवटी ठरवा. आधी खालचे आकडे कागदावर मांडा. त्यांतून दोन-तीनच ठिकाणं उरतात आणि मग निवड सोपी होते.

1. दिवस आणि रोजचं अंतर

नऊ दिवसांची सुट्टी असेल तर सायकल चालवायला सहाच धरा. पोहोचून सायकल जोडण्यात एक दिवस जातो, परतताना ती खोक्यात भरण्यात एक, आणि एक पावसासाठी किंवा विश्रांतीसाठी मोकळा हवाच. एरवी एका दिवसात आरामात जितकं जाता त्याचे दोन तृतीयांश हे सहलीतलं रोजचं अंतर. सोबत 12-15 किलो सामान असतं, अनोळखी रस्ता शोधण्यात वेळ जातो आणि तिसऱ्या दिवसापासून मांड्या भरून येतात. रोज 80 किलोमीटर जमत असतील तर 50-55 धरा. सहा दिवसांत तीनशे-सव्वातीनशे होतील, साधारण जर्मनीतलं पासाऊ ते ऑस्ट्रियातलं व्हिएन्ना या डॅन्यूब नदीकाठच्या वाटेएवढे.

2. चढाचा आकडा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मार्गाचा एकूण चढ (मीटरमध्ये) भागिले अंतर (किलोमीटरमध्ये). उत्तर 5 पर्यंत आलं तर रस्ता सपाट, 10 च्या आसपास चढउताराचा, 15 च्या पुढे डोंगराळ. पहिल्या सहलीला 10 च्या वर जाऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

पण सरासरी फसवते. 60 किलोमीटरांत 600 मीटर चढ, उत्तर 10, ऐकायला ठीक. त्यातले 500 मीटर एकाच 6 किलोमीटरच्या तुकड्यात असतील तर तो आठ टक्क्यांहून तीव्र घाट आहे. म्हणून उंचीचा आलेख उघडा आणि सर्वात उभा किलोमीटर शोधा. मार्ग आखायच्या ॲपचा आकडाही डोळे झाकून घेऊ नका. बोगदा असलेल्या रस्त्यावर ॲप बरेचदा बोगद्यावरच्या डोंगराची उंची धरतं आणि चढ फुगवून दाखवतं. नॉर्वेत याहून मोठी अडचण येते. तिथले कित्येक बोगदे सायकलींना बंद आहेत, त्यामुळे मार्गातला प्रत्येक बोगदा आधी तपासावा लागतो.

आता सायकलीचे दात मोजा. पुढच्या सर्वात लहान चक्राचे दात भागिले मागच्या सर्वात मोठ्या चक्राचे दात. पुढे 34, मागे 34 असेल तर उत्तर 1. सामान घेऊन दहा टक्क्यांचा चढ यावर बहुतेकांना झेपत नाही. पुढे 26, मागे 34 असेल तर उत्तर 0.76 येतं आणि बसल्या बसल्या चढता येतं.

चढ नकोच असेल तर जुन्या रेल्वेमार्गांवरच्या वाटा बघा. आगगाडीला उभा चढ चढता येत नाही, म्हणून त्या वाटा सौम्यच असतात. न्यूझीलंडची 152 किलोमीटरची ओटागो सेंट्रल रेल ट्रेल अशीच आहे. मात्र तिथे खडी आहे. 28 मिमीचे बारीक टायर घसरतात, 38-40 मिमी तरी हवेत.

3. वारा, महिना आणि दिशा

घाटाला माथा असतो, वाऱ्याला नसतो. नेदरलँड्स सपाट आहे म्हणून सोपं, असं समजून गेलेले लोक समोरच्या वाऱ्यात दिवसभर ताशी 12 किलोमीटरने रखडतात. वारा बहुधा कुठून वाहतो ते पाहून दिशा ठरवा. डॅन्यूबकाठी तो जास्त करून पश्चिमेचा, शिवाय नदीचा उतारही पूर्वेकडे. म्हणून पासाऊहून निघावं, व्हिएन्नाहून नव्हे. तैवानला हिवाळ्यात ईशान्येचा वारा असतो. तेव्हा तैपेईहून पश्चिम किनाऱ्याने दक्षिणेकडे उतरलं की तो पाठीशी राहतो. बेटाची फेरी उलट दिशेने धरली तर तोच वारा कित्येक दिवस तोंडावर घ्यावा लागतो.

महिनाही याच वेळी पक्का करा. तैवानला जुलै ते सप्टेंबर वादळांचे दिवस. आल्प्सचे उंच घाट बर्फामुळे साधारण जूनपर्यंत बंद असू शकतात. हजार मीटर चढलात की तापमान सहा-साडेसहा अंशांनी उतरतं. खाली 20 अंश असेल तर 2700 मीटरच्या माथ्यावर घामेजलेल्या अंगाने उतार धरणं धोक्याचं.

4. वाट मध्येच सोडता येईल का?

गुडघा दुखला, चाकाची तार तुटली, तर बाहेर कसं पडणार? समांतर रेल्वे असलेला मार्ग नवख्यांसाठी उत्तम. युरोपात लांब पल्ल्याच्या बऱ्याच गाड्यांत सायकलीचं वेगळं आरक्षण लागतं. जपानमध्ये सायकल सुटी करून पिशवीत घालावी लागते.

5. स्वतःची सायकल की भाड्याची?

आठवड्याहून कमी दिवस असतील तर भाड्याची घ्या. ओनोमिची ते इमाबारी ही जपानची सुमारे 70 किलोमीटरची शिमानामी वाट त्यासाठी फार सोयीची: रस्त्यावर निळी रेघ आखलेली आहे आणि भाड्याची सायकल दुसऱ्या टोकाला सोडता येते. निघण्यापूर्वी स्वतःच्या सायकलीवर पेडलदांड्या ज्या आसाभोवती फिरतात त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची मिलिमीटरमध्ये मोजून ठेवा; भाड्याच्या सायकलीला तीच लावा. सीट आणि पेडल स्वतःचे नेले तर अर्धा त्रास वाचतो. पुढचा ब्रेक कोणत्या हाताला आहे तेही बघा. उजव्या बाजूने वाहतूक असलेल्या बहुतेक देशांत तो डाव्या हाताला असतो, आणि घाईत तोच जोरात दाबला जातो.

विजेची सायकल हवी असेल तर भाड्यानेच. प्रवासी विमानात 160 वॅट-तासांपर्यंतची बॅटरी चालते. सायकलीची बहुधा 400 च्या पुढे असते.

6. सीमा आणि विमा

शेंगेन देशांत, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांत, कोणत्याही 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येतं. डॅन्यूबने जर्मनी, ऑस्ट्रिया, स्लोव्हाकिया, हंगेरी सलग होतात. पुढचा सर्बिया शेंगेनबाहेर आहे. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर तिथे गेल्यावर परत येता येत नाही. विम्यात सायकलचा अपघात, चोरी आणि डोंगरातून सुटका हे तिन्ही लिहिलेलं आहे का ते वाचून घ्या.

7. तिकिटाआधी चाचणी

निवडलेल्या मार्गाचा सर्वात कठीण दिवस घ्या. तेवढंच अंतर, तेवढाच चढ, तेवढंच सामान घेऊन घराजवळ सलग दोन दिवस चालवा. मोठा घाट नसेल तर एकच चढ पुन्हा पुन्हा चढा. दुसऱ्या दिवशी दुपारीच पाय संपले तर मार्गातला एक मुक्काम वाढवा किंवा यादीतलं दुसरं ठिकाण घ्या, आणि मगच तिकीट काढा.