नजर कुठं गेली ते सांगा

आमच्याकडं चित्र दाखवलं की दोनच उत्तरं मिळतात. एक, "नाद खुळा, भावा!" दुसरं, "काहीतरी गंडलंय बघ." पहिल्यानं चित्रकार खूश होऊन झोपतो, दुसऱ्यानं त्याला झोप लागत नाही, एवढाच फरक. चित्र होतं तिथंच राहतं. म्हणून रविवारी कोल्हापुरात राजारामपुरीत माझ्या खोलीवर जी पोरंपोरी चित्रं काढायचे टॅबलेट घेऊन जमतात, त्यांना मी एकच गोष्ट मागतो. चित्र चांगलं की वाईट ते राहू दे, तुमची नजर आधी कुठं गेली, मग कुठं गेली आणि कुठं अडकली ते सांगा. मतावर तासभर भांडता येतं. नजर गेली ती गेली.

एकीनं रंकाळ्याची संध्याकाळ रंगवली होती. मागं शालिनी पॅलेसचा मनोरा, मध्ये पाणी, पुढं कठड्यावर आजी आणि नात, उजव्या कडेला भेळेची गाडी. तिनं विचारलं, "दादा, कसं वाटतंय?" असं विचारलं की समोरचा गडबडतो आणि तोंडाला येईल ते बोलतो. मी म्हटलं, "चित्र कशाचं आहे ते एका वाक्यात सांग." ती म्हणाली, "आजीला घरी जायचंय, नातीला अजून बसायचंय." आता बोलता येतं! चित्र अंगठ्याएवढं लहान केलं आणि सगळ्यांनी गप्प बसून बघितलं. जवळजवळ प्रत्येकाची नजर आधी गाडीवरच्या बल्बवर गेली आणि तिथून थेट चौकटीबाहेर. आजी-नातीपर्यंत कुणी पोचलंच नाही.

कारणं शोधायची ती इथून पुढं. उजेड-अंधाराचा फरक जिथं सगळ्यात जास्त, तिथं डोळा आधी धावतो; बल्ब लख्ख, त्यावरचं छप्पर काळंकुट्ट, आणि गाडी अगदी कडेला चिकटलेली. आजीचं हिरवं लुगडं आणि मागचं केशरी पाणी, रंग वेगळे पण गडदपणा एकच, त्यामुळं आजी पाण्यात विरघळली. क्षितिज बरोब्बर मध्यात, म्हणून आभाळ मोठं की पाणी मोठं ते ठरेना. आणि झाडाची फांदी मनोऱ्याच्या टोकाला नेमकी टेकलेली. असं नुसतं टेकलं की पुढचं आणि मागचं एकाच पातळीवर येतं. फांदी मनोऱ्यावरून खुशाल आडवी जाऊ दे, नाहीतर चांगली लांब ठेव.

डिजिटलची मजा ही, की आपलं म्हणणं जागेवर तपासता येतं. सगळ्यात वर नवा लेयर घ्या, म्हणजे चित्रावर ठेवलेल्या पारदर्शक कागदासारखा थर. तो काळा भरा आणि ब्लेंडिंग मोड, म्हणजे तो थर खालच्या चित्रात कसा मिसळायचा ते, 'कलर' करा. खालचं चित्र करड्या छटांत दिसतं. आजी खरंच गायब झाली. मग कॅनव्हास डावा-उजवा उलटा करा. क्रिटा या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये नुसतं एम दाबलं की होतं, प्रोक्रिएट आणि फोटोशॉपमध्ये त्यासाठी 'फ्लिप' आहे. स्वतःच्या चित्राला सरावलेल्या डोळ्याला तेच चित्र परकं दिसतं आणि कलंडलेल्या गोष्टी उघड्या पडतात. शेवटी गाडीचा लेयर बंद केला. नजर सरळ आजीवर.

आमच्यातल्या बहुतेकांनी सांगितलं, गाडी काढ. तिनं गाडी ठेवली आणि बल्ब नातीच्या डोक्यामागं आणला. हे आम्हाला कुणालाच सुचलं नव्हतं. बोलणाऱ्यानं कुठं दुखतंय तिथवर यावं, औषध चित्रकारावर सोडावं.

क्रम पाळा. आधी रचना, मग उजेड-अंधार, मग रंग, बोटं-नखं सगळ्यात शेवटी. आजीच जिथून हलणार आहे, तिथं तिच्या बांगड्यांवर बोलून काय उपयोग? एका वेळी दोनच गोष्टी सांगा, तिसरी गिळा. दुसऱ्याच्या चित्रावर गिरवून दाखवायचं असेल तर आधी विचारा. फाइलची प्रत, वेगळा लेयर, साध्या रेघा. तुम्ही त्याच्यापेक्षा बरं काढता हे दाखवायची ती जागा नव्हे.

मी बरीच वर्षं फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन केलंय. हसू नका. वाढदिवस कुणाचा आणि शुभेच्छुक कोण हे चौकातून मोटरसायकलवर जाताना कळलं नाही, तर गिऱ्हाईक दुकानात येऊन आवाज चढवतं. त्यामुळं चित्र किती मोठं छापणार, मोबाइलवर बघणार की पुस्तकावर, हे विचारल्याशिवाय मी आजही तोंड उघडत नाही.

एकानं अंबाबाईचा किरणोत्सव काढला होता. मावळतीचे किरण गाभाऱ्यात शिरून पायांपासून वर चढतात, सगळी गंमत त्या एका पट्ट्यात. यानं खांब, भिंती, पुजारी, सगळंच सोनेरी केलेलं. "तेज कमी कर" म्हणालो असतो तर त्यानं मूर्तीही विझवली असती. मी एवढंच म्हटलं, "किरण मला सापडला नाही." पुढच्या रविवारी भिंती अंधारात गेल्या होत्या.

असं बोलायला जीभ वळत नसेल तर टाऊन हॉल म्युझियममध्ये जा. आबालाल रहिमान यांची चित्रं तिथं आहेत. एका चित्रासमोर उभं राहून नजर कुठून शिरली, कुठं थांबली ते मोठ्यानं सांगा. १९३१ साली गेलेला चित्रकार तुमच्या बोलण्यानं दुखावणार नाही, आणि चांगली रचना नजर कशी वळवते तेही कळेल.

आता ऐकणाऱ्याचं. चित्र पूर्ण झाल्यावर दाखवू नका. तेव्हा त्यात इतका जीव गुंतलेला असतो की तुम्हाला फक्त "भारी" ऐकायचं असतं. अंगठ्याएवढे तीन-चार कच्चे आराखडे असतानाच आणा आणि नेमकं विचारा: "आधी नात दिसते की गाडी?" समोरचा बोलत असताना स्टायलस, म्हणजे टॅबलेटचं पेन, खाली ठेवा. "ते मी मुद्दाम केलंय" हे वाक्य जिभेवर येतंच, पण चित्र बघणाऱ्या प्रत्येकाच्या शेजारी उभं राहून तुम्ही ते सांगणार आहात का? ऐका, लिहून घ्या, आणि विचारायचंच असेल तर "कुठं?" एवढंच विचारा.

तिघं जण वेगवेगळी कारणं देऊन एकाच कोपऱ्याकडं बोट दाखवत असतील, तर कारणं तिन्ही चुकीची असू शकतात, पण त्या कोपऱ्यात काहीतरी आहे. दुसऱ्या दिवशी फाइलची प्रत काढून तिथं खटपट करा, जुनी आणि नवी शेजारी ठेवून बघा. जुनीच बरी वाटली तर जुनी ठेवा, सांगणाऱ्याला हिशेब द्यायची गरज नाही.

आणि कुणी "मला बाई जांभळा आवडतच नाही" म्हणालं, तर "बरं" म्हणायचं आणि चहा टाकायचा का विचारायचं.