पहिल्यांदाच लंडन बघताय? या चुका टाळा

लंडनला पहिल्यांदा जाणाऱ्यांची यादी ठरलेली असते: बिग बेन, बकिंगहॅम पॅलेस, टॉवर ऑफ लंडन, ब्रिटिश म्युझियम, ग्रिनिच. यादीत खोट काहीच नाही. घोळ होतो तो कशाच्या आधी काय बघायचं यात, नाहीतर ट्यूबच्या, म्हणजे भुयारी रेल्वेच्या, गेटपाशी.

गार्ड बदलण्यापायी टॉवर हातचा घालवणं

बकिंगहॅम पॅलेसच्या पहारेकऱ्यांची पाळी बदलण्याचा सोहळा बघायच्या या एका हौसेपायी सगळ्यात जास्त दिवस वाया जातात. प्रकार दरवेळी सारखाच. हॉटेलात नाश्ता फुकट म्हणून तो सावकाश होतो आणि मंडळी पावणेअकराला बकिंगहॅम पॅलेससमोर पोचतात. कुंपणाचे गज साडेनऊपासून अडलेले असतात. पुढे चार रांगा डोकी. आजोबांना अस्वलाच्या केसांच्या टोप्यांचे शेंडे दिसतात, नातवाला पुढच्याची पाठ. कार्यक्रम पाऊण तासाचा, त्यातला बराच वेळ उभ्याउभ्या बँड ऐकण्यात जातो. मग जेवण, मग ट्यूब, आणि टॉवर ऑफ लंडनच्या दारात दुपारचे दोन. राजमुकुट ठेवलेल्या ज्युवेल हाउसची रांग सरेपर्यंत पाय बोलायला लागतात. कोहिनूर दिसतो, राणीमाता एलिझाबेथ यांच्या १९३७ च्या मुकुटात, पण मधला जुना बुरूज, व्हाइट टॉवर, राहून जातो. एवढं महागडं तिकीट काढून एकच खोली बघायची, याला काय म्हणावं!

टॉवरला एक सकाळ स्वतंत्र द्या. मंगळवार ते शनिवार तो ९ ला उघडतो, रविवारी-सोमवारी १० ला. तिकीट आधीच काढलेलं असावं आणि दार उघडलं की इकडेतिकडे न बघता थेट ज्युवेल हाउस. रांग वाढायच्या आत ते उरकलं की यीमन वॉर्डरच्या, म्हणजे टॉवरच्या पारंपरिक रखवालदाराच्या, फेरीत सामील व्हा. ती तिकिटातच धरलेली असते, तरी लोक तिला बगल देऊन मोबाइलवर माहिती वाचत फिरतात. तिथून टॉवर ब्रिज चालत ओलांडायचा. लंडन ब्रिज तो नव्हे. लंडन ब्रिज हा शेजारचा, १९७३ चा साधा काँक्रीटचा पूल. फोटोत असतो तो उघडणारा टॉवर ब्रिज १८९४ चा, त्यासाठी स्टेशन टॉवर हिल.

आणि गार्ड बघायचेच असतील, तर बर्डकेज वॉकवरच्या वेलिंग्टन बॅरक्सच्या कुंपणाशी साडेदहाच्या आत उभे राहा. नवे गार्ड तिथेच जमतात आणि बँडसकट तिथूनच निघतात. पॅलेससमोरच्या गर्दीपेक्षा हे कितीतरी जवळून दिसतं. सोहळा रोज नसतो, साधारण सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि रविवारी असतो. पाऊस असेल तर रद्दही होतो, त्यामुळे आदल्या रात्री वेळापत्रक बघा. हॉर्स गार्ड्सपाशी घोडेस्वारांची पाळी मात्र रोज बदलते, ११ ला, रविवारी १० ला.

टॅपचा गोंधळ

ट्यूबमध्ये शिरताना टॅप (म्हणजे कॉन्टॅक्टलेस कार्ड गेटवरच्या रीडरला टेकवणं), बाहेर पडताना टॅप, आणि दोन्ही वेळा तीच वस्तू. हे सगळ्यांना पाठ असतं, तरी चुकतं. तिथे राहणाऱ्या मुलाने आईच्या हाताला स्वतःचं पैसे भरणारं स्मार्ट घड्याळ बांधलेलं असतं, पर्समध्ये त्याच खात्याचं कार्डही असतं. सकाळी कार्डाने आत, उतरताना घड्याळाने बाहेर. खातं एक असलं तरी यंत्राला कार्ड आणि घड्याळ ही दोन वेगळी माणसं वाटतात. दोन अर्धवट प्रवास नोंदले जातात आणि दोन्हींवर कमाल भाडं लागतं. नवरा-बायकोत एक कार्डही चालत नाही. माणशी एक कार्ड, आणि ते दिवसभर बदलायचं नाही.

दुसरी गफलत घरूनच निघते. भारतातल्या नव्या कार्डावर परदेशातले व्यवहार बंदच असतात. बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय वापर आणि कॉन्टॅक्टलेस हे दोन्ही विमानात बसण्याआधी सुरू करा. हीथ्रोच्या गेटवर लाल दिवा लागल्यावर मागे रांग खोळंबलेली असताना ओटीपी शोधण्यात मजा नाही.

तिसरी ग्रिनिचला. डीएलआर या हलक्या रेल्वेच्या कटी सार्क स्टेशनवर अडवणारी गेट्सच नाहीत, नुसते खांबावरचे रीडर. सरळ बाहेर पडलात की कमाल भाडं लागलंच. बसचं उलटं: चढताना एकदाच टॅप, उतरताना नाही, आणि रोख पैसे घेतच नाहीत. १५ नंबरची बस ट्रफाल्गर स्क्वेअर, सेंट पॉल्स आणि टॉवर अशी जाते. वरच्या मजल्यावर पुढची सीट मिळाली की महागड्या टुरिस्ट बसची गरज उरत नाही.

११ वर्षांखालच्या मुलांना मोठ्या माणसाबरोबर ट्यूब फुकट आहे, त्यांच्यासाठी कार्ड घेऊ नका.

बाकीच्या

वेस्टमिन्स्टर ॲबी आणि सेंट पॉल्स रविवारी पर्यटकांना बंद. प्रार्थनेला जाता येतं, हिंडता येत नाही. रविवारी ब्रिटिश म्युझियम ठेवा. ते फुकट आहे, आणि रोझेटा स्टोनच्या गर्दीत वेळ घालवण्यापेक्षा आंध्रातल्या अमरावतीचं शिल्पदालन बघा, आपली माणसं तिथे क्वचितच पोचतात.

लेस्टर स्क्वेअर ते कोव्हेंट गार्डन ट्यूबने जाऊ नका. अंतर जेमतेम २६० मीटर, आणि कोव्हेंट गार्डनला लिफ्टची रांग टाळायची तर १९३ पायऱ्या.

ग्रिनिचच्या शून्य रेखांशाच्या धातूच्या पट्टीवर उभं राहून फोनमध्ये शून्य रेखांश दिसत नाही म्हणून फोन चालू-बंद करू नका. जीपीएसचं शून्य तिथून सुमारे १०० मीटर पूर्वेला, बागेत आहे.

वरून शहर बघायला पैसे मोजण्याआधी स्काय गार्डन ही उंच इमारतीच्या माथ्यावरची बाग बघा. फुकट आहे, पण आधी जागा राखावी लागते.

२५ डिसेंबरला ट्यूब आणि बस दोन्ही बंद. मे-जूनमध्ये उजेड रात्री नऊपर्यंत असतो, संग्रहालयं मात्र पाच-साडेपाचला बंद होतात. छताखालचं आधी, नदीकाठ नंतर.

डॉ. आंबेडकर १९२१-२२ मध्ये राहिले ते १०, किंग हेन्रीज रोड हे घर महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये घेतलं. लोक टॅक्सी करून जातात, दारात फोटो काढतात आणि परततात. चॉक फार्म स्टेशनवरून चालत जा, आत वेळ द्या, आणि मग शेजारच्या प्रिमरोज हिलवर चढा. वस्ती राहती आहे, तेव्हा गल्लीत आवाज बेताचा.