कॉम्बी बॉयलर वापरताना या चुका टाळा

कॉम्बी बॉयलर म्हणजे घर तापवणारं आणि नळाला गरम पाणीही देणारं गॅसवरचं एकच यंत्र. त्यातलं गरम पाणी खोल्यांतल्या रेडिएटरमधून, म्हणजे भिंतीजवळच्या धातूच्या पॅनेलमधून, फिरतं आणि खोली तापते. घर गार वाटलं की हात आधी बॉयलरकडे जातो आणि रेडिएटरचं चित्र असलेला नॉब थेट शेवटापर्यंत फिरवला जातो. बहुतेक तक्रारी इथूनच सुरू होतात. त्या नॉबचा खोलीच्या तापमानाशी थेट संबंध नाही. रेडिएटरकडे जाणारं पाणी किती गरम करायचं, एवढंच तो ठरवतो. खोली पुरेशी उबदार झाली, आता थांब, हे बॉयलरला सांगतो तो भिंतीवरचा थर्मोस्टॅट. आणि प्रत्येक रेडिएटरच्या व्हॉल्व्हवर जे १ ते ५ आकडे असतात, ते फक्त त्या त्या खोलीपुरते. ही तीन कामं वेगळी आहेत हे एकदा लक्षात आलं की निम्म्या अडचणी आपोआप सुटतात.

नॉब कमाल ठेवण्याचा तोटा बिलात दिसतो. आजचे बहुतेक कॉम्बी बॉयलर कंडेन्सिंग जातीचे असतात, म्हणजे जळालेल्या वायूतल्या वाफेचं पाणी करून तिची उष्णताही वापरतात. पण त्यासाठी रेडिएटरमधून परत येणारं पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली असावं लागतं. जाणारं पाणीच ८० अंशांवर असेल तर परतीचं पाणी तेवढं थंड होत नाही आणि ती उष्णता धुराड्यातून बाहेर जाते. म्हणून ६० अंशांच्या आसपास ठेवून पाहा. रेडिएटर हाताला पूर्वीइतके चटका देणार नाहीत आणि खोली तापायला थोडा जास्त वेळ लागेल. तो बिघाड नव्हे. कडाक्याच्या थंडीत कमी पडलंच तर पाच-पाच अंशांनी वाढवा.

तसंच थर्मोस्टॅट २० ऐवजी २८ वर ठेवल्याने खोली लवकर तापत नाही, फक्त बॉयलर उशिरा थांबतो. थर्मोस्टॅट पडद्यामागे किंवा रेडिएटरजवळ असेल तर त्याला चुकीचंच तापमान कळणार. आणि ज्या खोलीत तो आहे, तिथल्या रेडिएटरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवा. तो २ वर अडवला तर ती खोली ठरलेल्या तापमानाला पोचतच नाही आणि बॉयलर तासन् तास चालू राहतो.

नळाचं चित्र असलेला नॉब अंघोळीच्या आणि स्वयंपाकघरातल्या पाण्याचा. ५० अंशांच्या आसपास बहुतेकांना पुरतं. ६० वर तापवून त्यात गार पाणी मिसळायचं, यात गॅसही वाया जातो, क्षारही जास्त साचतात आणि लहान मुलांना भाजण्याचा धोका वेगळाच. टाकीतलं पाणी ६० अंशांवर ठेवा हा सल्ला जंतूंच्या भीतीपोटी दिला जातो. साठवण टाकी नसलेल्या कॉम्बीला तो लागू नाही.

पाणी कोमट येतंय म्हणून नळ आणखी मोठा करू नका. कॉम्बी वाहतं पाणी तापवतो. धार जितकी मोठी, तितकं पाणी कमी तापतं. हिवाळ्यात येणारं पाणीच गार असल्यामुळे हे जास्त जाणवतं. नळ थोडा बारीक करा. मात्र धार अगदी करंगळीएवढी केली तर प्रवाह कमी पडून बॉयलर पेटतच नाही. अंघोळ चालू असताना रेडिएटर निवतात हेही बरोबरच आहे, कारण गरम पाण्याच्या नळाला प्राधान्य असतं. उन्हाळ्यात हीटिंग बंद असूनही नळ सोडला की रेडिएटर तापत असतील, तर मात्र आतला दिशा बदलणारा व्हॉल्व्ह अडकल्याची शक्यता मोठी. ते काम तंत्रज्ञाचं.

आता प्रेशरचा काटा, म्हणजे बॉयलर आणि रेडिएटरमध्ये फिरणाऱ्या पाण्याचा दाब दाखवणारा. बॉयलर थंड असताना तो १ ते १.५ बारच्या (बार हे दाबाचं माप) दरम्यान हवा. तापल्यावर थोडा चढतो, त्याची काळजी नको. खूप खाली गेला की बॉयलर स्वतःच बंद पडतो. पाणी भरायची तोटी हळूहळू उघडा, नजर काट्यावर ठेवा आणि दीडच्या अलीकडे थांबा. भरून झाल्यावर तोटी घट्ट बंद झाली का ते पाहा. ती जराशी उघडी राहिली तर काटा दिवसभर चढत राहतो आणि ३ बारला सुरक्षा व्हॉल्व्ह उघडून पाणी बाहेर पडतं. रेडिएटरमधली हवा काढल्यावर प्रेशर उतरतं, तेव्हा काटा पुन्हा तपासा. दर आठवड्याला पाणी भरावं लागत असेल तर कुठेतरी गळती आहे किंवा प्रसरण टाकीतली (तापून फुगणाऱ्या पाण्याला जागा देणाऱ्या छोट्या टाकीतली) हवा गेली आहे. भरत राहणं हा उपाय नाही.

बिघाड जाणवून बॉयलर लॉक झाला, म्हणजे स्वतःच बंद पडला की रीसेटचं बटण पुन्हा पुन्हा दाबू नका. आधी पडद्यावरचा कोड लिहून घ्या, मग एकदा दाबा. पुन्हा बंद पडला तर तो कोड तंत्रज्ञाला सांगा. गॅसचा वास आला तर कुठल्याही बटणाला हात लावू नका. खिडक्या उघडा, गॅस मीटरजवळ बंद करा, बाहेर पडा आणि बाहेरूनच फोन करा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, म्हणून त्याचा अलार्म घरात हवाच.

थंडीत गावाला जाताना बॉयलरची वीज बंद करू नका. गोठणं टाळण्याची त्याची सोय विजेवरच चालते. थर्मोस्टॅट हिमकणाच्या खुणेवर किंवा कमी तापमानावर ठेवा आणि निघण्याआधी प्रेशरचा काटा पाहून घ्या.