अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉल संघात काम करायचंय? आधी बचाव बघायला शिका

अमेरिकेत एमएस करताना मी विद्यापीठाच्या पुरुष बास्केटबॉल संघात स्टुडंट मॅनेजर होतो. सरावात रिबाउंड (हुकून परत आलेले चेंडू) गोळा करायचे, घड्याळ सांभाळायचं आणि संध्याकाळी व्हिडिओ कापत बसायचं. या व्हिडिओच्या कामाविषयी हल्ली बरेच विद्यार्थी विचारतात. त्यांची तयारी बहुधा नेमबाजीच्या आकड्यांची असते: कोण कुठून थ्री (लांबून मारलेला तीन गुणांचा शॉट) मारतो, किती टक्के मारतो. ते आकडे संघाकडे आधीच ढिगाने असतात. बचावाचं मात्र माणसाने डोळे लावून बघावं लागतं, आणि नवख्याची खरी गरज तिथेच पडते.

बचावाला एवढं महत्त्व का आलं, हे आधी समजून घ्या. थ्री मारणारे वाढले तसे खेळाडू मैदानभर पसरून उभे राहू लागले. आता पाचांतला एक जरी बचावात कच्चा असला, तरी समोरचा संघ स्क्रीन लावून लावून, म्हणजे बचावपटूच्या वाटेत आपला खेळाडू उभा करून, त्यालाच गाठतो. म्हणून लहान गार्डपासून मोठ्या सेंटरपर्यंत कुणालाही अडवू शकणाऱ्या खेळाडूचा भाव वाढला. २०२५ चं एनबीए (अमेरिकेची व्यावसायिक लीग) विजेतेपद जिंकणाऱ्या ओक्लाहोमा सिटी थंडरकडे बघा. ॲलेक्स कारुसो आणि लू डॉर्ट या दोघांनाही ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक फेरीत, कुणी निवडलं नव्हतं. दोघेही वर आले ते बचावावर. डेन्व्हरविरुद्धच्या मालिकेतल्या सातव्या सामन्यात साडेसहा फुटांहूनही कमी उंचीच्या कारुसोने जवळपास सात फुटी निकोला योकिचला अडवायचं काम अंगावर घेतलं. कारुसोचा चार वर्षांचा करार ८ कोटी १० लाख डॉलरचा आहे. संघ कशासाठी पैसे मोजतात, ते यावरून कळावं.

कॉलेजमध्ये तर बचाव हीच काही संघांची ओळख आहे. प्रशिक्षक टोनी बेनेट यांच्या व्हर्जिनियाने २०१९ चं विजेतेपद ‘पॅक लाइन’वर उभं केलं: चेंडूवाल्यावर एकजण दाब ठेवतो, बाकीचे चौघे थ्रीच्या रेषेच्या आत एक काल्पनिक रेषा धरून बास्केटखालच्या रंगीत पट्ट्याकडची वाट बुजवतात. प्रशिक्षक केल्विन सॅम्पसन यांचं ह्यूस्टन याच्या उलट, स्क्रीन लागताच दोघे मिळून चेंडूवर तुटून पडतात. दोन्ही पद्धती बघा, पण नजर चेंडूवर ठेवू नका. चेंडूपासून लांबच्या बाजूचे दोन बचावपटू काय करतात ते बघा. कबड्डी खेळलेल्याला हे चटकन कळतं. चढाईपटूवर झेप एकजण घेतो, पण त्याला अडकवते ती साखळी.

सरावासाठी २०२५ च्या एनसीएए (कॉलेज स्पर्धेच्या) अंतिम सामन्याची शेवटची मिनिटं घ्या. फ्लोरिडा ६५, ह्यूस्टन ६३. ह्यूस्टनचा इमॅन्युएल शार्प थ्रीसाठी उडाला आणि फ्लोरिडाचा वॉल्टर क्लेटन धावत अंगावर आला. शार्पला हवेतच चेंडू सोडून द्यावा लागला. परत पकडला असता तर ट्रॅव्हल, म्हणजे चेंडू धरून बेकायदा पावलं टाकल्याचा नियमभंग. शॉट न होताच सामना संपला. क्लेटनने चेंडूला हात लावला नाही, त्यामुळे ब्लॉकच्या रकान्यात त्याच्या नावे काही पडलं नाही. पण सामना त्या क्लोजआऊटने (शॉट मारणाऱ्यावर धावत जाण्याने) वाचवला. असे क्षण टिपणं हेच तुमचं काम.

टिपायचं कसं? प्रत्येक पझेशनला, म्हणजे चेंडू एका संघाकडे असतो त्या प्रत्येक पाळीला, एक ओळ. स्क्रीनवर ड्रॉप केलं (मोठा खेळाडू मागे राहिला), स्विच केलं (बचावपटूंनी माणसं बदलली) की दोघे धावले? मदत वेळेत आली का? क्लोजआऊटला हात वर होता का? बॉक्सआऊट (रिबाउंडसाठी प्रतिस्पर्ध्याला पाठीने अडवणं) कुणी सोडलं? शिवाय डिफ्लेक्शन वेगळे मोजा, म्हणजे चेंडूला बोट लागून पास बिघडला ते सगळे प्रसंग. सुरुवातीला एका सामन्याला दोन-तीन तास सहज जातात. जाऊ द्या, नजर त्यातूनच तयार होते.

आकड्यांत एक गोष्ट पक्की करा. सामन्यामागे किती गुण दिले यावरून बचाव जोखू नका. ६० पझेशनमध्ये ६० गुण देणाऱ्या संघापेक्षा ७५ पझेशनमध्ये ६८ देणारा सरस आहे: पहिल्याने शंभरामागे १०० दिले, दुसऱ्याने साधारण ९१. मुलाखतीत हा फरक सांगता आला की समोरच्याची मान हलते.

आता व्यवहाराचं. एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करता येतं, आणि संघाचं काम त्याहून सहज वाढतं. म्हणून होकार देण्याआधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात जाऊन विचारा, ‘बिनपगारी आहे, चालतं’ असं कुणी तोंडी सांगितलं तरी. अर्जाचा ईमेल संघाच्या ऑपरेशन्स डायरेक्टरला पाठवा, मुख्य प्रशिक्षकाला नको. सोबत त्याच संघाच्या गेल्या मोसमातल्या एका सामन्याचा, वर सांगितला तसा बचावाचा तक्ता जोडा, एका पानात मावेल एवढाच. आणि हे उन्हाळ्यातच करा. मोसम नोव्हेंबरमध्ये सुरू होतो, पण सराव सप्टेंबरअखेरच लागतो, आणि त्यानंतर नवे ईमेल उघडायला तिथे कुणाला सवड नसते.