जाम झालेला ऑईल फिल्टर : या चुका टाळा, आणि आधी तो स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवा

घरी ऑईल बदलणाऱ्यांचे फोन मला बहुतेक रविवारी दुपारीच येतात. गाडी वर चढवलेली, चेंबर (इंजिनाखालची ऑईलची टाकी) रिकामं, टबात काळं ऑईल, आणि फिल्टर काही जागचा हलत नाही. पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "दादा, आरपार स्क्रू ड्रायव्हर घालून फिरवू का? व्हिडिओत तसंच दाखवलंय." नको. व्हिडिओतल्या माणसाचा फिल्टर मुळात जाम नव्हताच, आणि सोमवारी त्याला त्याच गाडीनं कामावर जायचं नव्हतं.

इथं मी बोलतोय ते पत्र्याच्या डबा फिल्टरबद्दल, जो आट्यांवर फिरून बसतो. बहुतेक लहान पेट्रोल गाड्यांत हाच असतो. काही इंजिनांत (जुन्या स्विफ्टमधलं 1.3 लिटर डिझेल घ्या) प्लास्टिकच्या टोपणाखाली नुसता कागदी फिल्टर असतो. त्या टोपणाच्या सहा पैलूंच्या डोक्याला बरोबर मापाचा सॉकेट लावायचा, पक्कड अजिबात नाही, आणि टोपणाची ओ-रिंग (गोल रबरी रिंग) दर वेळी नवी. बास, त्यांचं एवढंच.

ऑईल आधी, फिल्टर नंतर

ही चूक कुणाला चूक वाटतच नाही, कारण सगळे असंच करतात. चेंबरचा बोल्ट उघडायचा, ऑईल गाळायचं, मग फिल्टरला हात घालायचा. तो निघाला नाही की गाडी तिथंच बसली. इंजिनात थेंब नाही, सुरू करता येत नाही, गॅरेज दोन किलोमीटरवर.

मी उलटं करतो. चेंबरला हात लावायच्या आधी फिल्टर हलतोय का ते बघतो. थोडासा सुटला, कडेनं ऑईलची धार यायला लागली, की परत हातानंच बसवतो आणि मग निवांत ऑईल सोडतो. नाहीच हलला तर काय बिघडलं? गाडी चालती आहे, हात धुवायचे आणि गाडी मिस्त्रीकडं न्यायची. गिअरबॉक्सचं ऑईल बदलताना जाणकार मिस्त्री आधी भरायचा बोल्ट सुटतोय का बघतो आणि मगच खालचा सोडतो, त्यातलंच हे.

ऑईल आधीच गाळून बसला असाल तरी घाबरू नका. चेंबरचा बोल्ट लावा, नवीन ऑईल भरा, जुना फिल्टर तसाच राहू दे आणि गाडी चालवत गॅरेजला न्या. जुन्या फिल्टरवर तेवढं अंतर गेल्यानं इंजिनाला काही होत नाही. पण हा मार्ग कधीपर्यंत उघडा असतो? फिल्टरला भोक पडेपर्यंत.

स्क्रू ड्रायव्हरची कथा

आमच्या बिल्डिंगमधल्या एका पोराचीच गोष्ट. पोरगं हुशार, पण हातात थांबायची सवय नाही. मला फोन आला तेव्हा भोक पाडून झालं होतं. भोक कुठं? डब्याच्या बुडाजवळ, म्हणजे इंजिनापासून सगळ्यात लांब. तिथला पत्रा अगदी पातळ. त्यानं जोर लावला, फिल्टर फिरला नाही, पत्रा मात्र टराटरा फाटत गेला. मग दुसरं भोक, मग तिसरं. मी खाली गेलो तोवर अर्धा डबा फाटून लोंबत होता, आतला कागद बाहेर आला होता, आणि पोराच्या मनगटापासून कोपरापर्यंत काळा ओघळ.

डब्याची रचना समजली की हे का होतं ते कळतं. बाहेरचा डबा नुसता पातळ पत्रा. तोंडाशी मात्र जाड प्लेट असते, तिला गोलाकार लहान भोकं आणि मध्ये आटे असलेलं मोठं भोक. रबरी रिंग याच तोंडावर बसलेली असते आणि इंजिनाला चिकटते तीच. म्हणजे जाम झालेला भाग वर आणि तुम्ही जोर लावताय खाली, पातळ पत्र्यावर. पत्रा फाटणार नाही तर काय?

शेवटी उरलेला पत्रा पक्कडीनं सोलून काढला. राहिली फक्त जाड प्लेट. तिच्या कडेच्या भोकात बोथट छिन्नी तिरकी टेकवून सुटायच्या दिशेनं हातोडीचे छोटे ठोके देत बसलो. छिन्नी इंजिनाच्या बाजूला घसरली तर रिंग बसते त्या ॲल्युमिनिअमच्या जागेवर चरा पडतो आणि मग आयुष्यभर गळती, म्हणून हे काम घाईचं नाही. प्लेट सुटली, पण एकटी नाही. इंजिनातली आट्यांची नळी, म्हणजे निपल, तिच्याबरोबर फिरून बाहेर आली. तिच्या दोन-तीन आट्यांवर स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाचे घाव होते, कारण आरपार भोक पाडताना मधे नळी असते हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. आटे बिघडलेली नळी परत लावायची नाही, नवीनच आणायची. रविवारी संध्याकाळी ती कुठं मिळणार? सोमवारी पोरगं केएमटीच्या, म्हणजे कोल्हापूर महापालिकेच्या, बसनं कामावर गेलं, आणि मी उद्यमनगर या औद्योगिक भागात नळी शोधत फिरलो.

मग भोक पाडायचंच नाही का? सगळे पाने हरले, गाडी हलवायची सोयच नाही, तर पाडा. पण तोंडाच्या प्लेटजवळ आणि मधली नळी टाळून. आणि त्यानंतर माघार नाही हे समजून.

स्प्रेचा नाद

गंज सोडवायचा स्प्रे फिल्टरवर मारणाऱ्यांना माझं एकच विचारणं आहे : गंज आहे कुठं? आतले आटे वर्षभर ऑईलमध्ये भिजलेलेच असतात. अडकवून ठेवलंय वाळलेल्या, भाजलेल्या रबरी रिंगनं. स्प्रे तिथवर पोचत नाही. वर डबा बुळबुळीत होतो आणि पाना घसरतो. उलट करा. रॉकेल किंवा डिग्रीझर लावलेल्या फडक्यानं डबा खसखसून पुसा, कोरडा करा, पॉलिश पेपरची पट्टी गुंडाळा आणि त्यावरून पकडा. निम्मे "जाम" फिल्टर इथंच सुटतात.

पान्यांबद्दल माझी मतं पक्की आहेत. वाटीसारखा पाना सगळ्यात चांगला, पण माप आणि पैलू डब्याशी जुळले तरच. एक मिलिमीटर ढिला असला तर पैलू सोलून निघतात, म्हणून नवीन फिल्टर खिशात घालूनच दुकानात जा. तीन नख्यांचा पाना फिरवाल तसा जास्त आवळत जातो, पण त्याला खाली जागा लागते. पट्ट्याचा पाना ऑईल लागलं की नुसता फिरतो. चेन पाना सोडत नाही, पण डबा चेपतो. म्हणून पट्टा किंवा चेन लावायची ती तोंडाच्या प्लेटजवळ, जिथं आतून आधार आहे.

बाकीच्या चुका थोडक्यात. चुकीच्या दिशेला फिरवणं : फिल्टरच्या बंद बुडाकडं समोरून बघा, घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरला की सुटतो, वरून हात घालताना भलेभले गोंधळतात. तापलेल्या इंजिनाला हात घालणं : गाडी चालवून आल्यावर ऑईल नव्वद-शंभर अंशांच्या घरात असतं आणि सायलेन्सरचा पाईप त्याहून किती तरी तापलेला. तीन-चार मिनिटं इंजिन चालवून कोमट करा, तेवढं पुरतं. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरणं : यावर चर्चा नाही, जॅक स्टँड किंवा रॅम्प नसेल तर हे काम करूच नका. आणि "बसतो की" म्हणून दुसराच फिल्टर आणणं : पाऊण इंच व्यासाचे, इंचाला 16 आटे आणि 20 मिलिमीटर व्यासाचे, दीड मिलिमीटर अंतराचे (पिचचे) आटे, हे दोन्ही डोळ्याला सारखेच दिसतात, पण चुकीचा फिल्टर एक तर ढिला बसतो नाही तर दोन आट्यांत अडकतो.

जाम होतो तो बसवतानाच

फिल्टर स्वतःहून जाम होत नाही. मागच्या वेळी कुणी तरी तो कोरड्या रिंगवर, पान्यानं, "गळायला नको" म्हणून अंगावर येऊन आवळलेला असतो. गॅरेजमध्ये हे सर्रास चालतं, आणि मिस्त्रीला बोललं की तो आपल्याकडंच नवखा असल्यासारखं बघतो. फिल्टर हातानं बसवायचा असतो. बसायची जागा फडक्यानं पुसा, नव्या रिंगला बोटानं ऑईल लावा, रिंग टेकेपर्यंत हलक्या हातानं फिरवा, मग हातानंच साधारण पाऊण फेरा. नेमकं किती ते बहुतेक वेळा खोक्यावर छापलेलं असतं, वाचा की. हात तेलकट असेल तर कोरडा करा, पण पाना घेऊ नका. मी डब्यावर मार्करनं तारीख आणि किलोमीटरही लिहितो, पुढच्या वेळी वाद नको.

जुना डबा निघाला की तो उलटा करून रिंग त्याच्याच तोंडावर आहे ना ते बघा. कधी कधी ती इंजिनालाच चिकटून राहते. काळ्या जागेवर काळी रिंग, दिसत नाही. वरून नवी बसवली की दोन रिंगा एकमेकींवर. उभ्या गाडीत कदाचित थेंबही गळणार नाही. रस्त्यावर दाब वाढला की वरची रिंग सरकते आणि सगळं ऑईल काही क्षणांत डांबरावर. ऑईलचा लाल दिवा लागेपर्यंत इंजिनाचे बेअरिंग कोरडे पडायला लागलेले असतात. डोळ्यांवर विसंबू नका, त्या जागेवर बोट फिरवून बघा.

शेवटी इंजिन सुरू करा. लाल दिवा काही सेकंदांत विझलाच पाहिजे, नाही विझला तर लगेच बंद. मिनिटभर चालवून खाली वाकून गळती बघा, मग बंद करून पाच मिनिटांनी ऑईलची पातळी मोजायची दांडी बघा. नवा फिल्टर स्वतःपुरतं ऑईल पिऊन घेतो, त्यामुळं पातळी थोडी उतरलेली दिसेल. तेवढं वर भरा. टबातलं जळकं ऑईल गटारात ओतू नका, नियमानं तो घातक कचरा आहे. सेंट्रिंगच्या प्लेटांना लावायला मागणारे भेटतील, त्यांनाही देऊ नका. कॅनमध्ये भरून अशा गॅरेजला द्या, जिथनं ते नोंदणी असलेल्या रिसायकलरकडं जातं.