चरायला सोडलेली जनावरे आणि विषारी वनस्पती: माणदेश ते कृष्णाकाठ

पोट भरलेले जनावर सहसा विषारी झाडाला तोंड लावत नाही. सातारा-सांगली जिल्ह्यांतील माण, खटाव, आटपाडी आणि जत या तालुक्यांत वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. उन्हाळा सरत येतो तेव्हा माळावर गवताची काडी उरलेली नसते आणि जे हिरवे दिसते ते घाणेरी, रुई, धोतरा किंवा बांधावरची कण्हेर असते. म्हणून जनावरे सोडण्यापूर्वी गोठ्यातच थोडा वाळला चारा घालावा आणि पाणी पाजावे, ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी काळजी आहे. बाजारातून नव्याने आणलेल्या जनावराला इथली झाडे ओळखीची नसतात, त्यामुळे त्याला सुरुवातीला कळपाबरोबर मोकळे सोडू नये.

आपल्याकडे सर्वांत झटपट जीव घेणारी वनस्पती मात्र रानटी नाही. ती आपणच पेरतो. शाळू म्हणजे रब्बीची ज्वारी काढल्यावर रानात धसकटे राहतात आणि वळवाची एखादी सर आली की त्यांना कोवळी किरळ फुटते. या कोंबांत धुरिन नावाचा घटक भरपूर असतो. जनावराने ते चावले की पोटातील जिवाणूंच्या क्रियेने त्यापासून हायड्रोसायनिक आम्ल तयार होते आणि रक्तात प्राणवायू असूनही पेशींना तो वापरता येत नाही. जनावर धापा टाकते, तोंडाला फेस येतो, पाय लटपटतात, डोळ्यांच्या आतील त्वचा लालभडक दिसते, आणि काही वेळा चारा खाल्ल्यापासून तासाभराच्या आतच ते दगावते. पावसाने ताण दिल्यामुळे खुरटलेली खरिपाची ज्वारीही तितकीच घातक ठरते. त्यामुळे फुलोरा येईपर्यंत हिरवी ज्वारी कापून घालू नये आणि किरळ फुटलेल्या रानात जनावरे अजिबात सोडू नयेत. सोडायचीच असतील तर आधी रान नांगरून धसकटे वेचून काढावीत. नीट वाळलेल्या कडब्यात हे विष बरेच कमी झालेले असते, म्हणून कडब्याला घाबरण्याचे कारण नाही.

घाणेरीचे विष सावकाश काम करते. पाटण, जावळी आणि शिराळ्याच्या डोंगरउतारांवर तिने चराईची मोठी जागा व्यापली आहे. तिची पाने खाल्लेल्या जनावराचे यकृत बिघडते, बद्धकोष्ठ होतो, कावीळ दिसू लागते, आणि उन्हात उभे राहिल्यावर नाकपुडी, कान व सड अशा फिकट किंवा विरळ केसांच्या भागांची कातडी भाजल्यासारखी होऊन सोलवटते. असे जनावर प्रथम सावलीत बांधावे. उन्हाने झालेली जखम समजून नुसते मलम लावत बसल्यास यकृताकडे दुर्लक्ष होते. झुडूप वरून छाटले तर पुन्हा फुटते, म्हणून पावसाळ्यात जमीन मऊ असताना ते मुळासकट खणून काढावे.

कण्हेरीच्या बाबतीत माणसाचा निष्काळजीपणा अधिक नडतो. कुंपणाची छाटणी करून फांद्या बांधापलीकडे टाकल्या जातात आणि शेळ्या-मेंढ्या त्या खातात. कण्हेरीचे विष थेट हृदयावर परिणाम करते आणि पाने वाळली तरी जात नाही, त्यामुळे छाटलेल्या फांद्या खोल पुरून टाकाव्यात. बिट्टीचेही (पिवळ्या कण्हेरीचेही) तसेच.

कृष्णाकाठच्या बागायती पट्ट्यात धोका निराळा असतो. युरियाचा मोठा हप्ता दिलेल्या मक्यात किंवा हत्ती गवतात नायट्रेट साठते. त्याच्या विषबाधेत रक्त लाल न राहता तपकिरी होते. ज्वारीच्या आणि नायट्रेटच्या विषबाधेवरील औषधे वेगवेगळी असल्याने रक्ताचा हा रंग डॉक्टरांना आवर्जून सांगावा. उसाचे वाढे (शेंड्याकडचा हिरवा पाला) रोज मोठ्या प्रमाणात घालायचे झाल्यास त्यातील ऑक्झलेटमुळे शरीरातील कॅल्शियम कमी होते, म्हणून त्यांवर चुन्याची निवळी शिंपडावी आणि सोबत दुसरा चारा द्यावा.

विषबाधेची शंका येताच जनावर त्या रानातून हळूच बाहेर काढावे. त्याला पळवू नये, कारण धावण्याने प्राणवायूची गरज वाढते. लटपटणाऱ्या किंवा आडव्या पडलेल्या जनावराला तेल, ताक, गुळाचे पाणी असे काहीही बळजबरीने पाजू नये. ते फुप्फुसात उतरले तर विषापेक्षा तोच उपाय जिवावर बेततो. गावोगावी हा प्रकार अजून सर्रास चालतो. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ या पशुवैद्यकीय मदतीच्या दूरध्वनी क्रमांकावर तत्काळ कळवावे आणि कोणते पीक, कधी व साधारण किती खाल्ले हे सांगावे. संशयित झाडाची पाने व फुलांसह फांदी सोबत ठेवावी. ज्वारीच्या विषबाधेत सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट शिरेतून दिल्यास जनावर वाचू शकते, परंतु ही इंजेक्शने पशुवैद्यकानेच द्यायची असतात.

जनावर दगावल्यास ते लगेच पुरू नये. विम्याच्या दाव्यासाठी पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांकडून शवविच्छेदन करून घ्यावे, आणि कोटीपोटातील (जनावराच्या पोटाच्या पहिल्या, मोठ्या कप्प्यातील) चाऱ्याचा नमुना हवाबंद डबीत बर्फावर ठेवण्याची विनंती करावी; हायड्रोसायनिक आम्ल उडून जाणारे असल्याने उशीर झालेल्या नमुन्यात ते सापडत नाही.